प्रभाकर कंदिलाखालचं राज्य

तारीख ७ जून १९४३. आज मृग निघायचा. शेणोली स्टेशनाजवळ, रुळांपासून पन्नासेक पावलांवर, निवडुंगाच्या कुंपणाआड तुम्ही पालथे पडलेले आहात. पोटाखालची ढेकळं दिवसभर तापलेली, अजून कोमट. नांगरट होऊन रानं उघडी पडलीत आणि सगळी पंचक्रोशी आभाळाकडं डोळे लावून बसलीय. तुमच्या शेजारचा पोऱ्या जेमतेम अठरा वर्षांचा. त्याच्या हातात उसाचा कोयता आहे. पलीकडच्यांकडं काठ्या, आणि कुणाकडं तरी दोन-तीन गावठी बॉम्ब. बंदूक नाही.

रुळांवर धोंडे रचलेत. ही मिरज-पुणे मीटर गेजची लाइन. आज येणाऱ्या गाडीत रेल्वे कामगारांचा पगार आहे. शिट्टी ऐकू येते, इंजिन धोंड्यांपुढं कण्हत थांबतं आणि पोऱ्या उठून पळतो. गाडीला मागं सरकता येऊ नये म्हणून तिच्या मागंही धोंडे लोटले जातात. जी. डी. बापू लाडांची ही कुंडलची पोरं. तुफान सेना म्हणतात तिला. थोड्याच वेळात थैल्या पाठीवर घेऊन ती अंधारात पांगतात. तुमच्या दंडाला धरून पोऱ्या तुम्हाला उठवतो.

"चला पावणं. उजाडायच्या आत वडा वलांडाय पायजे."

ओढा का ओलांडायचा, ते चालता चालता कळतं. आज आपण ज्याला सांगली जिल्हा म्हणतो, तो त्या वेळी नव्हता. सातारा जिल्हा एकच, वाई-जावळीपासून वाळवा-तासगावापर्यंत पसरलेला, आणि त्याच्या पोटात ठिगळांसारखी संस्थानं. सांगली आणि मिरज पटवर्धनांची, जत डफळ्यांचं, फलटण निंबाळकरांचं. औंधच्या पंतप्रतिनिधींचं राज्य तर सलगही नव्हतं. औंध इथं, आटपाडी तिथं, कुंडल तिसरीकडं. एका शेतातून दुसऱ्या शेतात पाय टाकला की राज्य बदलायचं. इंग्रजी हद्दीतल्या फौजदाराला ओढ्यापलीकडं थबकून विचार करावा लागायचा. फरारी माणसाला तेवढा वेळ पुरे.

औंधबद्दल आणखी सांगायला हवं, कारण त्या राज्यात काही वेगळंच चाललं होतं. भवानराव पंतप्रतिनिधींनी जानेवारी १९३९ मध्ये स्वतःच्या हातानं स्वतःची सत्ता प्रजेला देऊन टाकली होती. राजपुत्र अप्पासाहेब पंत आणि पोलंडहून आलेले मॉरिस फ्रिडमन यांनी गांधीजींच्या सल्ल्यानं घटना तयार केली. गावानं पाच पंच निवडायचे आणि गावचा कारभार, गावचे तंटे त्यांनी पाहायचे. आटपाडीजवळ स्वतंत्रपूर नावाची भिंती नसलेली कैद्यांची वसाहत उभी राहिली, ती आजही आहे. म्हणजे कुंडलच्या माणसाला गावानं गावाचा न्याय करणं ही ऐकीव गोष्ट नव्हती. त्याच्या डोळ्यांदेखत ते सुरू झालं होतं. ही पोरं ज्या प्रतिसरकारची, त्याचा इतिहास सांगताना औंधचं नाव एखाद्या ओळीत उरकलं जातं. मला ते पटत नाही. एका राज्याच्या कुशीत दुसरं राज्य वाढलं, असंच मला दिसतं.

हे दुसरं राज्य उभं कसं राहिलं ते पोऱ्या सांगतो, कारण तो स्वतः तिथं होता. मागच्या ऑगस्टात गांधीजींना पकडलं आणि तालुक्यातालुक्यातून मामलेदार कचेऱ्यांवर मोर्चे निघाले. तासगावात ३ सप्टेंबरला मामलेदाराला गांधी टोपी घालायला लावून कचेरीवर तिरंगा चढवला. वडूजला ९ सप्टेंबरला पोलिसांनी गोळ्या झाडल्या, झेंडा हाती घेतलेले परशुराम घार्गे पडले आणि त्यांच्यासकट नऊ माणसं गेली. दुसऱ्या दिवशी इस्लामपुरात गोळीबार झाला. किर्लोस्करवाडीच्या कारखान्यातले इंजिनिअर उमाशंकर पंड्या आणि विष्णू बारपटे तिथं पडले. त्यानंतर मोर्चे थांबले आणि माणसं भूमिगत झाली. येडे मच्छिंद्रचे नाना पाटील, कवठ्याचे किसन वीर, वाळव्याचे नागनाथ नायकवडी, येडे निपाणीचे पांडू मास्तर, कुंडलचे लाड. १९४३ च्या मध्यापर्यंत त्यांच्या लक्षात आलं होतं की तारा तोडून आणि पोस्ट जाळून इंग्रज जाणार नाही. त्याची गरजच उरू नये, असं काहीतरी उभारायला हवं. ते उभारलं त्याला नाव पडलं प्रतिसरकार.

लोकांनी त्याचं 'पत्री सरकार' करून टाकलं. बैलाच्या खुराला लोहार लोखंडी पत्री ठोकतो ना, ती पत्री. खबऱ्यांच्या, गुंडांच्या पायांना हे लोक पत्र्या ठोकतात अशी आवई उठली होती. खरी शिक्षा म्हणजे माणसाला पालथं घालून, पाय काठीला बांधून, तळव्यांवर मारायचं. पत्रीच्या आवईनं पोलिसांपेक्षा जास्त काम केलं. मी हे कौतुकानं लिहीत नाही. रात्री एखाद्या मळ्यात तुम्ही उभे असता आणि तळव्यांवर काठी पडल्याचा आवाज येतो. तो ओल्या कपड्यावर मोगरी आपटल्यासारखा असतो. मार खाणारा खबऱ्याच असेल, पण त्याची बायको बांधावर उभी आहे आणि तिच्या काखेत पोर आहे. या राज्यावर प्रेम करणाऱ्यानं ही बाईही पाहायलाच हवी.

चोवीस जुलैला तुम्ही सांगलीत असता. कृष्णा दुथडी भरून वाहतेय, पाणी गढूळ लाल. तुरुंगाच्या तटावरून माणसं उड्या टाकतात. पहारेकऱ्यांच्या बंदुका त्यांनी काढून घेतल्यात. पाठोपाठ गोळ्या सुटतात. अण्णासाहेब पत्रावळे आणि बाबा जाधव जिवाला मुकतात, वसंतदादा पाटलांच्या खांद्यात गोळी शिरते आणि ते पकडले जातात. पुढं हाच माणूस महाराष्ट्राचा मुख्यमंत्री झाला. पण आत्ता तो पंचवीस वर्षांचा आहे आणि त्याचा सदरा रक्तानं अंगाला चिकटलाय.

आता दीड वर्ष पुढं चला. जानेवारी १९४५. संक्रांत होऊन गेलीय, शाळू हुरड्यावर आलाय. रात्री गार वारा सुटला की कणसांचा सळसळाट होतो आणि अंगावर घोंगडी असूनही तुम्ही आखडून बसता. गावाचं नाव मी सांगत नाही. आणि एक कबुली देऊन टाकतो: हे गाव आणि पुढं भेटणारी तीन-चार माणसं मी बऱ्याच गावांतलं ऐकलेलं, वाचलेलं एकत्र करून उभी केलीत. बाकी सगळं घडलेलं आहे.

मळ्यातल्या खोपीत प्रतिसरकारचं न्यायदान मंडळ बसलंय. मध्ये कंदील, ओगलेवाडीच्या कारखान्यातला प्रभाकर. लढाईमुळं रॉकेल रेशनवर आहे, म्हणून वात खाली केलेली. काचेचा वरचा भाग काजळीनं काळा झालाय आणि उजेडाचा एक पिवळा गोल तेवढा पंचांच्या गुडघ्यांपर्यंत पोचतो. चेहरे अंधारातच. बाहेर दोन पोरं पहाऱ्याला आहेत, लांबवर बॅटरी चमकली तर टिटवीसारखं ओरडायचं असं त्यांना सांगून ठेवलंय.

आधी किरकोळ कामं उरकतात. बांध कोरला, नुकसानभरपाई दे. बायकोला टाकून दुसरीशी राहिला, उद्याच्या उद्या नांदवायला आण, नाहीतर पोटगी दे. हातभट्टीचं मडकं फोडलं, पुन्हा लावलीस तर बघ. एक लग्न ठरतं, गांधी पद्धतीचं. वाजंत्री नाही, हुंडा नाही, सुताचे हार आणि गुळपाणी. मुलीच्या बापाच्या खांद्यावरचं ओझं उतरलेलं तुम्हाला अंधारातही कळतं, कारण तो मोठ्यानं श्वास सोडतो. दुष्काळी टापूत कित्येक कुटुंबं सावकाराच्या दारात जात ती मुलीच्या लग्नासाठीच.

मग मुख्य काम निघतं. एका कुणब्याच्या बापानं दोनशे रुपयांना जमीन गहाण टाकलेली, तीन एकर. वीस वर्षं झाली. व्याजात कितीतरी पट गेलं, जमीन काही सुटली नाही. सावकार गावचा ब्राह्मण, वाड्यातला. त्याला बोलावून आणलंय. पासष्टीचा माणूस, डोक्याला उपरणं गुंडाळलेलं, थंडीनं की भीतीनं थरथरतोय ते सांगता येत नाही. कुणब्याचा पुतण्या उभा राहून म्हणतो, "कागूद जाळा. आन् वाडाबी." खोपीत गप्पगार होतं.

हे गप्प होणं समजून घ्यायला पंचवीस वर्षं मागं जावं लागतं. याच सातारा जिल्ह्यात सत्यशोधकांचे जलसे गावोगाव फिरले होते आणि १९२० च्या आसपास कुळांनी भटजी-शेटजींविरुद्ध उठाव केला होता. नाना पाटील स्वतः त्याच मुशीतून आलेले. त्या रागाला कारणं होती, खरी, पिढ्यान् पिढ्यांची. पण चळवळीत आता सगळे होते. पोरांना निरोप्याचं काम शिकवणारा मास्तर ब्राह्मण असे, बॉम्बची दारू लपवणारं घर जैनाचं असे, रात्रीच्या वाटा रामोश्याला जेवढ्या ठाऊक तेवढ्या कुणालाच नाहीत. बाईमाणसंही होती. नानांची मुलगी हौसाताई भवानीनगरच्या पोलिस ठाण्यासमोर नवऱ्याचा मार खाणाऱ्या बाईचं सोंग घेऊन पडून राहिली. पोलिस भांडण सोडवायला बाहेर आले आणि साथीदारांनी आतली हत्यारं पळवली. इतक्या तऱ्हेच्या माणसांचा जीव एकमेकांच्या तोंडावर अवलंबून असताना कुणाचा वाडा जाळणं परवडणारं नव्हतं. केवळ व्यवहार म्हणून नव्हे, पंच मनापासूनही तसं मानत होते. निदान त्या रात्रीचे तरी.

मधला पंच, ज्याचा हात तेवढा उजेडात आहे, बोलतो. "जमीन आजपास्नं ह्याची. व्याज माफ. मुद्दल दोनशे, चार पाडव्याला पन्नास-पन्नास. आन् सावकाराच्या वाड्याकडं कुनी वाकडं बघाय न्हाई पायजे. बघितलं तर त्याला पत्री."

कागद होतो. न्यायदान मंडळाचं नाव त्यावर नाही, कारण तो पोलिसांच्या हाती पडला तर सगळेच आत जातील. नुसतं देणं, घेणं, चार पाडवे. दोन प्रती. कुणबी डाव्या हाताचा अंगठा काजळीत बुडवतो, त्याच कंदिलाच्या काचेवर घासून. सावकार मोडीत सही करतो. थरथरत्या हातानं, तरी अक्षर सुरेख, एका दमात ओढलेलं, शेवटी वळसा. कुणबी ते अक्षर बघत राहतो. त्याला वाचता येत नाही. पण या फर्ड्या अक्षरानं आपल्या बापाला बांधलं होतं आणि आता त्याच अक्षरानं आपण सुटलो, एवढं त्याला कळतं.

परतताना कुणबी तुम्हाला वस्तीवर जेवायला नेतो. भाकरी, भरलेलं वांगं, वर ठेचा. दिवळीत एक पाकीट ठेवलंय. त्याचा थोरला पलटणीत आहे, मराठा लाइट इन्फंट्रीत, इटलीत. धाकटा तुफान सेनेत. एक इंग्रजासाठी बंदूक धरून, दुसरा इंग्रजाविरुद्ध कोयता धरून. सातारच्या घराघरांत ही वाटणी झाली होती. थोरल्याच्या मनिऑर्डरीवर घर चालतं आणि धाकट्याच्या भाकऱ्या त्याच तव्यावर भाजल्या जातात. म्हातारी दोघांसाठी एकाच देवाला नवस बोलते. त्यात काही विसंगत आहे असं तिला वाटत नाही आणि मलाही वाटत नाही.

थोरला जिथं लढतोय तिथल्या एड्रियाटिक समुद्रापलीकडं युगोस्लाव्हिया आहे. तिथंही रानावनांतून राज्यं उभी राहत होती. उझित्से गावाभोवती १९४१ च्या शरद ऋतूत टिटोच्या माणसांनी असंच एक प्रजासत्ताक चालवलं. स्वतःचा बंदुकांचा कारखाना, स्वतःचं वर्तमानपत्र, आणि सदुसष्ट दिवसांत जर्मनांनी ते चिरडलं. पण तिथली खरी आग शेजाऱ्याशेजाऱ्यांतली होती. सर्ब, क्रोएट, मुसलमान. भाषा जवळजवळ एक, मळे लागून, आणि तरी एका गावानं दुसरं गाव कापून काढलं. पन्नास वर्षांनी पुन्हा तेच झालं. हर्त्सेग-बोस्ना नावाचं क्रोएट राज्य १९९१ मध्ये जाहीर झालं आणि मार्च १९९४ च्या वॉशिंग्टन करारानं कागदावर संपलं. मधल्या काळात, ९ नोव्हेंबर १९९३ ला, मोस्तारचा चारशे वर्षांचा पूल त्यांच्या तोफांनी नदीत पडला. आपल्याकडं जे झालं त्याचं त्या कत्तलींशी माप लागत नाही, लावूही नये. मला त्या पुलाची आठवण येते ती एवढ्याचसाठी, की सरकार संपल्याचा करार होतो तेव्हा शेजार कसा सांधायचा हे कुठल्याच कलमात लिहिलेलं नसतं.

आपल्याकडं तर करारही झाला नाही. १९४६ मध्ये निवडणुका होऊन मुंबईत बाळासाहेब खेरांचं मंत्रिमंडळ आलं, वॉरंटं उठली आणि भूमिगत माणसं उजेडात आली. नाना पाटील साडेतीन वर्षांहून जास्त काळ फरारी होते, डोक्यावर इनाम होतं आणि एकाही माणसानं ते इनाम घेतलं नव्हतं. त्या उन्हाळ्यात तुम्ही सभेत उभे आहात. माणसांनी झाडं भरलीत, म्हातारे बैलगाड्यांतून आलेत. नानांचा तो खडा, रानातल्या हाळीसारखा आवाज सगळ्यांवरून जातो. तुमच्या शेजारी पोऱ्या रडतोय. आता त्याला मिसरूड फुटलंय. सहाशेच्या आसपास गावांत ज्यांचा शब्द चालला ती माणसं घरी निघालीत, हे बघायला मिळणं ही मोठी गोष्ट होती. सत्ता हातात असताना ती सोडून घरी जाणं सोपं नसतं.

पण खोपीतला कंदील विझला. तंटे पुन्हा मामलेदाराकडं आणि कोर्टात गेले, वकील लावून. तुफान सेनेतली पोरं शेतात गेली, काही कारखान्यात, काही मुंबईला गिरणीत. पुढाऱ्यांच्या वाटा फुटल्या. कुणी काँग्रेसमध्ये राहिलं, कुणी नव्या शेतकरी कामगार पक्षात गेलं. हे सगळं रीतसरच होतं. तरी मला वाटतं, त्या राज्याचं सगळ्यात अवघड काम कुणाच्या ध्यानातच राहिलं नाही. जुना राग असलेल्या माणसांना एका कंदिलाभोवती बसवायचं, दोघांनाही थोडं सोडायला लावायचं आणि मग रात्री वाड्यावर पहारा ठेवायचा. मामलेदाराच्या दप्तरात त्या कामाला रकाना नव्हता.

३० जानेवारी १९४८, शुक्रवार. रात्री रेडिओवरून बातमी येते. गांधीजींना मारलं. मारणारा पुण्याचा, ब्राह्मण.

शनिवारपासून सातारा, सांगली, मिरज, कोल्हापूर या सगळ्या मुलखात धूर दिसायला लागतो. तुम्ही गावात पोचता तेव्हा वाड्याचा दिंडी दरवाजा अजून उभा आहे आणि त्याच्या मागं काहीच नाही. माळवद कोसळलंय. पितळी भांडी वितळून त्यांचे गोळे झालेत. अंगणात तुळशीवृंदावनाशेजारी वह्यांचा ढीग जळतोय. आधी वह्या बाहेर काढल्या, मग वाडा पेटवला, हे त्या ढिगावरून कळतं. कागदाची काळी पानं उडून भिंतींना चिकटतात. त्यांवर अजूनही अक्षरं दिसतात, काळ्यावर राखाडी. मोडीच.

ती माणसं? रात्रीच गेली. कुणी म्हणतं, पलीकडच्या आळीतल्या मराठ्याच्या घरी आडोसा मिळाला, तिथून बैलगाडीत कडब्याखाली लपवून स्टेशनावर पोचवलं. कुठल्याही गावात विचारा, असा एक वाचवणारा सांगतातच, आणि पुष्कळ ठिकाणी तो खरोखर होता. मग विचारा, जाळलं कुणी? तेव्हाही सगळीकडं एकच उत्तर. "भायेरनं आलं हुतं. ट्रकातनं." काही ठिकाणी ट्रक खरोखरच आले होते. पण ट्रकातल्या माणसाला या बोळातला तिसरा दरवाजा कुणीतरी दाखवावा लागतो.

पोऱ्या तुम्हाला पारावर भेटतो. तो वर बघत नाही. त्या रात्री तो कुठं होता हे तुम्ही विचारत नाही आणि तो सांगत नाही. शेणोलीला ज्यानं तुम्हाला दंडाला धरून उठवलं होतं तो हा. एवढं फक्त म्हणतो, "पंच असतं तर..." आणि थांबतो. पंच चार घरं सोडून राहतो. तो त्या दिवशी कराडला बाजाराला गेला होता.

या जाळपोळीवर आपण फार थोडं लिहिलं. व्यंकटेश माडगूळकरांनी 'वावटळ' लिहिली. ते औंध संस्थानातल्या माडगुळ्याचे, लहान वयात चळवळीतही उतरलेले, म्हणजे दोन्ही आगी त्यांनी जवळून पाहिलेल्या. बाकी बहुतेक जण गप्प राहिले. जळालेली कुटुंबं पुण्यात, मुंबईत खोल्या घेऊन राहिली आणि मुलांना शिकवू लागली. गावात राहिलेल्यांनी 'जळिताचं साल' एवढा एक शब्द ठेवला. अमक्याचा जन्म जळिताच्या आदल्या वर्षाचा, विहीर जळितानंतर खोदलेली. सरकारनं घर बांधायला जळीतग्रस्तांना कर्जं दिली. काहींनी ती घेऊन पुन्हा बांधलं. बऱ्याच जणांनी शेती विकून टाकली, आणि त्याच वर्षाच्या शेवटी कुळकायदा आला.

पुढचं सगळं भराभर झालं. दक्षिणेतल्या काही संस्थानिकांनी औंधच्या पुढाकारानं एकत्र येऊन जोडलेलं संयुक्त राज्य काही महिनेच टिकलं. ८ मार्च १९४८ ला औंध, सांगली, मिरज, फलटण, जत सगळी मुंबई प्रांतात विलीन झाली. ओढ्यावरची हद्द पुसली गेली. पंतप्रतिनिधींची बहात्तर गावं आणि त्यांचे पाच-पाच पंच प्रांताच्या नेहमीच्या कारभारात विरघळले. पुढच्या वर्षी साताऱ्याचे दोन तुकडे झाले, उत्तर आणि दक्षिण. दक्षिण साताऱ्याला १९६० मध्ये सांगली हे नाव मिळालं. शेणोलीची गाडी एका जिल्ह्यात थांबवली आणि थैल्या पोचल्या त्या कुंडल दुसऱ्या जिल्ह्यात, असं आज नकाशावर दिसतं.

विलिनीकरणाच्या त्या मार्चमध्ये तुम्ही शेवटचे वस्तीवर जाता. शाळू काढून झालाय, कडबा गंजीला लागलाय. थोरला इटलीतून परत आलाय, एका कानानं त्याला ऐकू येत नाही. कुणबी अंगणात दोर वळत बसलेला. तो तुम्हाला लगेच ओळखतो. न बोलता आत जातो आणि दिवळीतून एक पत्र्याचा डबा आणतो. इटलीतून आलेला बिस्किटांचा डबा, झाकणावरचं चित्र झिजलेलं. आत तो कागद आहे, घडीवर फाटायला आलेला. काजळीचा अंगठा थोडा पसरलाय. सहीचा वळसा अजून काळाभोर.

कागदाच्या खाली तीन रेघा आहेत, तीन वेगवेगळ्या शाईंच्या, आणि प्रत्येकीपुढं तीच मोडी सही. पाडवा पंचेचाळीसचा, सेहेचाळीसचा, सत्तेचाळीसचा. शेवटच्या पाडव्याला सावकारानं सही करून त्याला पन्हं दिलं होतं, असं तो सांगतो. वाड्याच्या ओसरीवर, पाटावर बसवून. त्याच्या बापाला कधी त्या ओसरीवर बसू दिलं नव्हतं.

दुसरी प्रत वह्यांच्या ढिगात गेली. हे देणं आता फक्त या डब्यात आहे. नाही म्हटलं तर विचारणारं कुणी नाही.

डब्याच्या तळाशी फडक्यात बांधलेले पन्नास रुपये आहेत. दिवाळीच्या शेंगांचे. तो फडकं सोडतो, नोटा मोजतो, पुन्हा बांधतो. तुम्ही विचारता, त्या रात्री तुम्ही कुठं होता?

"वस्तीवर." बऱ्याच वेळानं म्हणतो, "इथनं दिसत हुतं की समदं."

गंजीवरून वारा येतो. थोरला आतून काहीतरी मोठ्यानं विचारतो, उत्तर ऐकू न आल्यानं पुन्हा विचारतो. कुणब्याचं तिकडं लक्ष नाही. महिन्यावर पाडवा आलाय. डबा मांडीवर धरून तो तुमच्याकडं बघतो. तुम्ही शहरातले दिसता, लांबून आलेले. तुम्हाला ठाऊक असणार असं त्याला वाटतं.

"पावणं, पुन्यात कुटं ऱ्हात असत्याल वो ती मानसं?"